शंकूत तीनच का? काप करून घनफळ शिकवायची माझी पद्धत

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे गोंधळ नको. नववीच्या वर्गात तुम्ही पुठ्ठ्याचा शंकू आणि तेवढ्याच पायाची, तेवढ्याच उंचीची वृत्तचिती घेतली, वाळू भरून दाखवली, तीन शंकूंत डबा भरला, पोरं खूश. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तीनच का, पावणेतीन का नाही?" आणि तिथे गाडी अडली. वर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की आडवे काप सारखे असले की घनफळ सारखं असा एक नियम आहे, तो सांगा आणि मोकळ्या व्हा. तर तो नियम वर्गात आणायचा कसा आणि फसतो कुठे, हे तुम्हाला हवंय.

आधी त्या पोराला शाबासकी द्या. वाळूने तीन दिसतं, पण तीनच का ते दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर वाळूने तीनही धड दिसत नाही, माझ्याकडे दर वर्षी थोडी उरते नाहीतर कमी पडते आणि मी पट्टीने सपाट करून निर्लज्जपणे "बघा, बरोब्बर तीन" म्हणतो. पावणेतीनवाला पोरगा नजरेचा पक्का आहे एवढंच.

नियम असा. दोन वस्तू एकाच टेबलावर ठेवल्या, दोघींची उंची सारखी, आणि टेबलाला समांतर सुरी कुठल्याही उंचीवर फिरवली तरी दोन्हीकडच्या कापाचं क्षेत्रफळ सारखंच येतं, तर दोघींचं घनफळ सारखं. कापाचा आकार सारखा असायची गरज नाही, इकडे चौकोन आणि तिकडे गोल असला तरी चालतो, क्षेत्रफळ तेवढं जुळलं पाहिजे. याला कॅव्हेलिएरीचं तत्त्व म्हणतात, बोलोन्याचा प्राध्यापक होता, त्याचं पुस्तक १६३५ मध्ये आलं. पण हे नाव पहिल्या तासाला फळ्यावर लिहू नका, नाव लिहिलं की पोरं व्याख्या पाठ करायला घेतात आणि विचार थांबतो.

मी वह्यांपासून सुरू करतो. वीस वह्या गोळा करायच्या, सगळ्या एकाच कंपनीच्या, टेबलावर सरळ चळत लावायची. मग पट्टीने एका बाजूने ढकलून ती तिरकी करायची. घनफळ बदललं का? नाही, वह्या त्याच आहेत, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. मग मधल्या वह्या बाहेर काढून चळतीला पोट काढायचं, तरी घनफळ तेच. इथपर्यंत पाच मिनिटं पुरतात, याहून जास्त घालवू नका. गोल कापासाठी हेच कॅरमच्या सोंगट्यांवर करा.

आता माझी फजिती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी याच वह्यांवर हात ठेवून वर्गाला सांगितलं की "म्हणजे तिरकं केलं तरी काहीच बदलत नाही". पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर मग हिला कव्हर घालायला कागद पण तेवढाच लागेल का? मी हो म्हणालो. एकदम कॉन्फिडन्सने. ती घरी गेली, खोक्याचं चित्र काढलं आणि दुसऱ्या दिवशी वही पुढे केली. तिचा हिशोब असा होता. पाया ५ बाय ५, उंची ८. सरळ खोक्याच्या चार उभ्या बाजू ४० चौसेमीच्या, एकूण १६०. आता वरचं झाकण ६ सेमी सरकवलं तर दोन बाजू समांतरभुज चौकोन होतात, त्यांचं क्षेत्रफळ ४० च राहतं, पण उरलेल्या दोन बाजूंची लांबी ८ वरून १० होते (६, ८, १०), म्हणजे त्या ५० च्या झाल्या. एकूण १८०. घनफळ दोन्हीकडे २०० घसेमी. मी वर्गासमोर कबूल केलं, दुसरा इलाजच नव्हता. तेव्हापासून कापांचा नियम फक्त घनफळाचा, पृष्ठफळाशी त्याचं काही देणंघेणं नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगतो, आणि त्या मुलीचंच उदाहरण घेतो. तिरक्या वस्तूला उंची लावताना पोरं हमखास ८ च्या जागी १० घालतात, तेही याच चित्रावर सुटून जातं, लंब उंची म्हणजे टेबलापासून वरच्या झाकणापर्यंत गुण्या धरून मोजलेली.

आता खरी गंमत. शंकू किंवा पिरॅमिड हातात घ्या आणि विचारा, बरोब्बर अर्ध्या उंचीवर कापला तर कापाचं क्षेत्रफळ पायाच्या किती? निम्मा वर्ग ओरडतो "अर्धं". ओरडू द्या. मग एक गाजर घेऊन (शंकूसारखं निमुळतं, बाजारातून निवडून आणायचं) अर्ध्यात कापा, काप बुडाशेजारी ठेवा. डोळ्यांनाच कळतं की हे अर्ध्याहून बरंच कमी आहे. टोकापासून अर्ध्या अंतरावर लांबी अर्धी आणि रुंदी पण अर्धी, म्हणून क्षेत्रफळ पाव. टोकापासून एक तृतीयांश अंतरावर नववा भाग. समरूप त्रिकोण ज्यांना येतात त्यांना हे आपोआप जमतं. आणि पाया गोल, चौकोनी, षटकोनी, पोरांनी काढलेला वेडावाकडा कसाही असू दे, हिशोब हाच राहतो. ही एक गोष्ट पक्की बसली तर पुढचं सगळं सोपं आहे, ही नाही बसली तर पुढे जाऊच नका, अख्खा तास गेला तरी चालेल.

आणि "अर्धं" म्हणणाऱ्यांना हसू नका. त्रिकोण आयताच्या अर्धा, मग पिरॅमिड खोक्याच्या अर्धा असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या श्लोकाचा सरळ अर्थ लावला तर त्यानेही सूचीचं (म्हणजे पिरॅमिडचं) घनफळ पाया गुणिले उंचीच्या अर्धंच दिलंय. एक तृतीयांश ब्रह्मगुप्ताकडे ६२८ मध्ये मिळतं. हे सांगितलं की पोरांची मान ताठ होते, आपली चूक आर्यभटाच्या तोडीची आहे म्हटल्यावर.

आता तीन. दहा सेमी बाजूचा घन डोळ्यासमोर आणा. त्याचा एक कोपरा पकडा. त्या कोपऱ्याला न शिवणारे घनाचे पृष्ठभाग तीन आहेत. त्या प्रत्येक चौरसाला पाया धरून आपल्या कोपऱ्यात टोक असलेला एक तिरका पिरॅमिड होतो. तीन पिरॅमिड, तिन्ही एकसारखे, आणि तिन्ही मिळून घन पूर्ण भरतो, कणभर जागा उरत नाही. म्हणजे एकाचं घनफळ १००० भागिले ३. पावणेतीनचा प्रश्न इथे संपला, कारण इथे वाळू नाही की मोजमाप नाही, एकाच मापाचे तीन तुकडे आहेत. (कसे बनवायचे ते शेवटी सांगतो.)

पण हा पिरॅमिड तिरका आहे, याचं टोक एका कोपऱ्याच्या थेट वर येतं. आपल्याला सरळ पिरॅमिड हवाय, शंकू हवाय. आणि इथे, या क्षणी, कापांचा नियम कामाला येतो. तिरक्या पिरॅमिडला टोकापासून ३ सेमीवर कापलं तर काप ३ बाय ३ चा, ९ चौसेमी. सरळ पिरॅमिड, पाया १० बाय १०, उंची १०, तोही टोकापासून ३ सेमीवर ९ चौसेमी. आता असा शंकू घ्या ज्याच्या पायाचं क्षेत्रफळ १०० चौसेमी आहे, त्रिज्या साधारण ५.६४ येते, उंची १०. टोकापासून ३ सेमीवर क्षेत्रफळ? पायाच्या शंभरातले नऊ भाग, ९ चौसेमी. ७ सेमीवर ४९. कुठेही कापा, जुळतं. म्हणून तिघांचं घनफळ एकच, आणि शंकूतलं एक तृतीयांश हे घनाच्या त्या तीन तुकड्यांतून आलेलं आहे. उंची १० नसून २५ असली तर प्रत्येक थर अडीच पट जाड होतो, बाकी काही बदलत नाही. मला स्वतःला हे समजलं तेव्हा मी डी.एड. संपवून नोकरीला लागलो होतो, शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

हुशार पोरगं इथे एक शंका काढतं आणि ती खरी शंका आहे. सर, वह्यांच्या कडा सरळ असतात, शंकूचा काप तर खाली रुंद आणि वर अरुंद असतो, मग काप सारखे म्हणजे थर सारखे कसे? टाळू नका. पाया १२ बाय १२, उंची १२ असा पिरॅमिड घ्या आणि एक एक सेमीचे १२ थर करा. प्रत्येक थराला त्याच्या खालच्या मोठ्या चौरसाएवढी सरळ फरशी मानली तर बेरीज १ + ४ + ९ + ... + १४४ = ६५०. वरच्या छोट्या चौरसाएवढी मानली तर ० + १ + ४ + ... + १२१ = ५०६. खरं घनफळ या दोघांच्या मधे कुठेतरी. फरक किती? बरोबर १४४, म्हणजे सगळ्यात खालची एक फरशी. आता थर एक मिलिमीटरचे करा, १२० थर. बाहेरची बेरीज ५८३.२२, आतली ५६८.८२, फरक १४.४, पुन्हा सगळ्यात खालची फरशीच, फक्त आता ती पातळ झाली. थर जितके पातळ तितकी ही चिमटी आवळत जाते आणि मधे सापडतं ५७६, म्हणजे १४४ गुणिले १२ भागिले ३. शंकूलाही हीच चिमटी लागते आणि काप जुळत असल्यामुळे आकडेही हेच राहतात. पोरांना ही बेरीज हाताने करू द्या, कॅल्क्युलेटर नको, वर्ग पाठ होतात हा बोनस.

यावर कुणी म्हणेल की एवढं पातळ थरांचं लफडं कशाला, कात्रीने कापून जोडून दाखवा ना, क्षेत्रफळाला दाखवतो तसं. तर नाही होत. सारख्या क्षेत्रफळाच्या कुठल्याही दोन बहुभुजाकृती एकमेकींचे तुकडे जोडून बनवता येतात, पण घनाकृतींना हे लागू नाही. हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १९०० साली पॅरिसमध्ये जे प्रश्न मांडले त्यातला तिसरा हाच, सारखा पाया आणि सारखी उंची असलेले दोन त्रिकोणी पिरॅमिड तुकडे करून जुळतात का. त्याचाच विद्यार्थी मॅक्स डेन याने लगेच दाखवून दिलं की नेहमी नाही. आपला घनाचा तीन तुकड्यांचा प्रकार नशिबाने जमलेला आहे. सर्वसाधारण पिरॅमिडसाठी पातळ थरांना पर्याय नाही, त्यामुळे शिक्षक उगाच अवघड करतोय असं वाटून घेऊ नका.

गोल. इथे मी अख्खा तास देतो, तुम्हीही द्या. अर्धगोल सपाट बाजू खाली ठेवून टेबलावर, त्रिज्या १०. शेजारी वृत्तचिती, त्रिज्या १०, उंची १०, आणि तिच्यातून एक शंकू कोरून काढलेला, टोक खाली मधोमध आणि तोंड वर, कुल्फीच्या साच्यासारखी पोकळी. आता पोरांना उंची निवडायला सांगा. माझ्याकडे कुणीतरी ६ म्हणतंच, नाही म्हटलं तर मी म्हणवतो. ६ सेमीवर अर्धगोलाचा काप म्हणजे एक गोल चकती, तिची त्रिज्या पायथागोरसने ८, क्षेत्रफळ ६४ पाय (π). शेजारी कापल्यावर बांगडीसारखं कडं मिळतं, बाहेरची त्रिज्या १०, आतली ६ (पोकळ शंकू ४५ अंशाचा, जेवढी उंची तेवढी त्रिज्या), क्षेत्रफळ १०० पाय वजा ३६ पाय, म्हणजे ६४ पाय. वर्गात इथे एक क्षण शांतता होते. ८ वर करा, ३६ पाय आणि ३६ पाय. तळाला १०० आणि १००. अगदी वर शून्य आणि शून्य. एक चकती, एक कडं, दिसायला काही संबंध नाही, आणि क्षेत्रफळ प्रत्येक उंचीला तेच. म्हणून अर्धगोल म्हणजे वृत्तचिती वजा शंकू, तीनातले दोन भाग, पूर्ण गोल त्याच्या दुप्पट, आणि चार तृतीयांश पाय त्रिज्येचा घन हे सूत्र कुणीही स्वतः लिहून काढतं. पाठ करायची पाळी येत नाही.

गोल म्हणजे त्याला घट्ट बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश, हे आर्किमिडीजला माहीत होतं, आणि तो शोध त्याला इतका प्रिय होता की थडग्यावर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती. चीनमध्ये तिसऱ्या शतकात लिऊ हुई याने गोलाची तुलना वेगळ्याच वस्तूशी केली, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन वृत्तचितींचा जो सामाईक भाग, तिचा प्रत्येक आडवा काप चौरस आणि गोलाचा काप त्या चौरसात बसणारं वर्तुळ, म्हणजे प्रत्येक थराला गुणोत्तर तेच, पाय भागिले ४. पण त्या वस्तूचं घनफळ त्याला काढता आलं नाही. ते पुढे झू गेंगने काढलं, आणि त्यासाठी हाच कापांचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला, कॅव्हेलिएरीच्या हजारेक वर्षं आधी. आपल्याकडे भास्कराचार्यांनी लीलावतीत गोलाचं घनफळ पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले ६ दिलंय, त्यांचा विचार आडव्या कापांचा नव्हता, केंद्रात टोक असलेल्या सूच्यांचा होता, गोल म्हणजे सूच्यांचा गड्डा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तिकडची सहल गेली तर हे तिथेच सांगा.

आता नियम कुठे फसतो ते. एक चूक मी दर वर्षी बघतो, आणि ती हुशार पोरंच करतात. काटकोन त्रिकोण, बाजू ३ आणि ४, तो ३ च्या बाजूभोवती फिरवला तर एक शंकू, ४ च्या बाजूभोवती फिरवला तर दुसरा. पोरं म्हणतात दोन्हीकडे काप तोच त्रिकोण, म्हणून घनफळ सारखं. काढून बघा, एक १६ पाय, दुसरा १२ पाय. कारण हे काप समांतर नाहीत, ते मधल्या दांड्याला पुस्तकाच्या पानांसारखे बांधलेले आहेत, दांड्याजवळ दाट आणि बाहेर विरळ. काप सारखे असून भागत नाही, दोन कापांमधलं अंतरही दोन्हीकडे सारखं हवं. सपाट आकृतीत हेच पाहिजे तर एक विषम त्रिकोण घ्या, त्याला शिरोलंब टाका, दोन असमान भाग होतील. डावीकडच्या प्रत्येक उभ्या रेषेला उजवीकडे तेवढ्याच लांबीची जोडीदार मिळते, तरी क्षेत्रफळं वेगळी, कारण एका बाजूच्या रेषा जास्त विरळ बसल्यात. कॅव्हेलिएरीने स्वतः सपाट आकृतीला समांतर धाग्यांच्या कापडाची आणि घनाकृतीला पानांच्या पुस्तकाची उपमा दिली होती, आणि गुल्डिनसारखे टीकाकार त्याच्या पद्धतीवर तुटून पडले होते.

उलटं पण खरं नाही हो, हे सांगायचं राहून जातं. एक शंकू टोक वर, तोच शंकू टोक खाली, घनफळ एकच, पण मधली उंची सोडली तर काप कुठेच जुळत नाहीत. काप जुळले तर घनफळ सारखं, एवढंच. घनफळ सारखं म्हणून काप जुळतील असं नाही.

वेळ उरला तर मण्याचं गणित टाका. गोल मण्याला आरपार मधोमध भोक पाडलं, आणि उरलेल्या मण्याची उंची भरली ६ सेमी. मणी केवढा होता ते सांगितलं नाही, भोक केवढं तेही नाही. उरलेलं घनफळ सांगा. पोरं म्हणतात माहिती अपुरी आहे. मधल्या पातळीपासून २ सेमीवर काप घ्या, कडं मिळेल, बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग म्हणजे मण्याच्या त्रिज्येचा वर्ग वजा ४, आतल्याचा म्हणजे मण्याच्या त्रिज्येचा वर्ग वजा ९, वजाबाकी केली की मण्याची त्रिज्या उडूनच जाते, उरतं ५ पाय. ३ सेमी त्रिज्येच्या साध्या गोलाचा २ सेमीवरचा कापही ५ पाय. म्हणून उत्तर ३६ पाय, मणी संत्र्याएवढा असो की पृथ्वीएवढा. पृथ्वीवाला मणी कड्यासारखा अगदी पातळ होतो, पण घेर एवढा मोठा की हिशोब बरोबर बसतो. हे दहावीला द्या, नववीला नको.

परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत, सूत्र घालून उत्तर काढलं की मार्क मिळतात, त्यामुळे मी याला एकूण चार तासच देतो, वह्या आणि गाजर एक, घनाचे तुकडे एक, गोल एक, आणि चुका एक.

आणि ते तीन पिरॅमिड. प्रत्येकाला १० बाय १० चा एक चौरस, १० आणि १० बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण, आणि १० आणि १४.१ बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण (त्यांचा कर्ण १७.३). चौरसाच्या एका कोपऱ्याला लागून असलेल्या दोन बाजूंना छोटे त्रिकोण, उरलेल्या दोन बाजूंना मोठे, काटकोन कुठल्या कोपऱ्यात येतो ते नीट बघून. पुठ्ठा जाड घेऊ नका, लग्नपत्रिकेचा कागद बेस्ट, जाड पुठ्ठ्याने कडा फुगतात आणि तिसरा तुकडा आत जाता जात नाही, मग पोरं पुन्हा पावणेतीन म्हणतात.